आजोबांची चेतक आणि घरी बनवलेले पार्ट : जुगाड कुठे चालतो, कुठे नाही

आजच्या भागाचं हे लिखित रूप. ऐकताना हात ग्रीसने माखलेले होते आणि काही लिहून घेता आलं नाही, अशांसाठी खास.

विषय आहे बजाज चेतक. 1972 मध्ये आलेली, पुण्याजवळ आकुर्डीत बनणारी स्कूटर. एके काळी लोक नंबर लावून वर्षानुवर्षं तिची वाट बघायचे. पुढे बाइकचा जमाना आला आणि 2009 च्या अखेरीस कंपनीने स्कूटरमधून बाहेर पडायचं ठरवलं. 2020 मध्ये चेतक हे नाव परत आलं, पण इलेक्ट्रिक गाडीवर. तिचं इंजिन-सामान आजोबांच्या टू-स्ट्रोकला काय उपयोगाचं? मग पुण्यात असाल तर नाना पेठेतली दुकानं पालथी घाला, बुधवारी-रविवारी जुना बाजार फिरा. तिथेही नाही मिळालं, तर पार्ट घरी बनवा.

पण हात घालण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारायचा : हा पार्ट चालत्या गाडीत तुटला तर काय होईल? गाडी बंद पडणार असेल, तर करून बघा. फार तर ढकलत घरी याल. पण गाडी थांबणारच नसेल, किंवा ताबा सुटणार असेल, तर तो पार्ट घरी बनवायचा नाही. विषय संपला.

पॅकिंग : सुरुवात इथून करा

गॅस्केट, म्हणजे आपल्या मेकॅनिकच्या भाषेत पॅकिंग. पॅकिंगचा कागद मीटरवर किंवा शीटमध्ये मिळतो. कडांना जरासं ऑइल लावून कागद त्यावर दाबा, छाप उमटेल. त्या छापावरून कात्रीने कापा, बोल्टची भोकं पंचाने पाडा.

इथे जाडी फार महत्त्वाची. सिलिंडरखालचं पॅकिंग जाड झालं, तर सिलिंडर तेवढा वर उचलला जातो. मग कॉम्प्रेशन कमी होतं आणि पोर्ट उघडण्या-मिटण्याची वेळही बदलते. म्हणून जुन्या पॅकिंगची जाडी मोजून तेवढाच कागद आणा. वहीचा पुठ्ठा नको.

आणि पॅकिंग कुठून लीक असेल तर? टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हवाबंद लागतं. फटीतून जास्तीची हवा आत गेली, की मिश्रणात पेट्रोल कमी पडतं. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं, त्यामुळे तेही कमी पडतं. इंजिन तापतं आणि पिस्टन जाम होतो. पाच रुपयांच्या कागदापायी सिलिंडर बोअर करायची वेळ येते!

वायर : क्लच, गिअर, ॲक्सिलरेटर

आतली तार आणि निप्पल आणून वायर घरी बनते. पितळी निप्पलमधून तार ओवा, टोकाचे धागे फुलासारखे पसरवा, फ्लक्स लावून सोल्डर भरा. धागे न पसरवता नुसता वरून डाग दिलात, तर पहिल्याच ट्रॅफिकमध्ये तार निसटेल. झाल्यावर निप्पल व्हाइसमध्ये अडकवून जोरात ओढून बघा.

ॲक्सिलरेटरची वायर मात्र दोन प्रकारे दगा देते. तुटली, तर गाडी नुसती थंड पडते. अडकली, तर रेस सुटतच नाही. म्हणून इंजिन बंद ठेवून मूठ पिळा आणि सोडा. हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवूनही हेच करा. तार प्रत्येक वेळी आपोआप परत आली पाहिजे. अडखळली, तर वायर बाद.

रबर

स्टँडचे बूट, डिकीखालची पट्टी, खडखडणाऱ्या पत्र्यामागचं बफर हे सगळं जुन्या टायर-ट्यूबमधून कापता येतं. पण पेट्रोल लागेल तिथे ट्यूबचं रबर अजिबात नको. ते फुगतं, मऊ पडतं आणि त्याचे कण कार्बोरेटरच्या जेटमध्ये अडकतात. त्यात आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला आणखी त्रास देतं. पेट्रोलची नळी आणि कॉकचं रबर इथेनॉल चालणारं आहे का, हे विचारूनच घ्या.

इथे हात लावायचा नाही

ब्रेकची वायर, ब्रेक शू, हँडलचे बेअरिंग, चाकाचे नट आणि रिम. सायकलची ब्रेक वायर ‘तात्पुरती’ म्हणून स्कूटरच्या ब्रेकला लावू नका. सायकलचं वजन किती, दोन माणसं बसलेल्या चेतकचं किती!

आणि एक जीवावरची गोष्ट. चेतकची रिम दोन भागांची असते, नटांनी जोडलेली. ट्यूबमध्ये हवा असताना ते जोडाचे नट सैल केले, तर रिमचे भाग अंगावर उडू शकतात. आधी वॉल्व्हमधून सगळी हवा काढा, मगच पान्याला हात लावा.

तर मंडळी, या रविवारी पार्किंगमधली ती धूळ खात पडलेली चेतक बाहेर काढा. पहिलं काम पॅकिंगचं घ्या, आणि किक मारण्याआधी ब्रेक तपासा. जुगाड झाला की फोटो नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!