समानार्थी शब्दांची निवड

इंग्रजींत पत्र लिहितांना शब्दकोश उघडावा, तर एका अर्थाचे चार शब्द पुढें येतात; त्यांपैकीं कोणता घ्यावा, हें मात्र बहुधा कळत नाहीं. १८५२ सालीं पीटर मार्क रॉजे या वैद्यानें प्रसिद्ध केलेल्या कोशांत जवळच्या अर्थाचे शब्द एकत्र मांडलेले आहेत. परंतु त्यांतील सूक्ष्म भेद समजावून देण्याचें काम त्या कोशानें अंगावर घेतलेलें नाहीं. तें काम लिहिणाराचें आहे.

मुळांत असे शब्द इतके आले कोठून? १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें आणि पुढें कांहीं शतकें राजदरबारांत फ्रेंच भाषेचें प्राबल्य राहिलें. शेतांत व घरांत जुने इंग्रजी शब्द टिकले, दरबारांतून फ्रेंच शब्द आले आणि विद्वानांनीं लॅटिनमधून आणखी उचलले. म्हणून ‘विचारणें’ या एका अर्थासाठीं ‘आस्क’, ‘क्वेश्चन’ व ‘इंटरॉगेट’ असे तीन शब्द झाले. वाटसरूस रस्ता विचारतांना ‘आस्क’ पुरतो. साक्षीदारास ‘क्वेश्चन’ करतात. आणि ‘इंटरॉगेट’ म्हटलें कीं पोलिसचौकी डोळ्यांपुढें उभी राहते. आपल्या ‘मालक’ आणि ‘स्वामी’ या शब्दांचीं कुळें अशींच निराळीं आहेत, आणि एकाच्या जागीं दुसरा सहसा शोभत नाहीं.

शब्द निवडतांना तीन गोष्टी पाहाव्या. पहिली, वर सांगितलेलें कूळ. दुसरी, शब्दाच्या पोटांतील स्तुति वा निंदा. ‘स्लेंडर’ म्हणजे सडपातळ आणि ‘स्किनी’ म्हणजे हडकुळा. अंगकाठी एकच, पाहणाराची दृष्टि वेगळी. ‘चाइल्डलाइक’ या शब्दांत बालकाची निरागसता आहे, तर ‘चाइल्डिश’ या शब्दांत पोरकटपणा. तिसरी, शब्दाची सोबत. आपण माणूस आणि डोंगर या दोघांसही उंच म्हणतों. इंग्रजींत माणूस ‘टॉल’ आणि डोंगर ‘हाय’. चहा ‘स्ट्राँग’ असतो, ‘पॉवरफुल’ नसतो. येथें तर्क चालत नाहीं, वहिवाट चालते.

एवढी चिकित्सा कशासाठीं, असें कोणी विचारील. व्याकरणाची चूक वाचणारास चूक म्हणून दिसते व तो ती सोडून देतो. शब्दाची चूक मात्र लिहिणाराचा हेतु म्हणून वाचली जाते. रजा मागणाऱ्या कारकुनानें ‘रिक्वेस्ट’ऐवजीं ‘डिमांड’ लिहिलें, तर वाक्य शुद्ध राहतें आणि माणूस उद्धट ठरतो. शिक्षकानें हुशार विद्यार्थ्याच्या शिफारसपत्रांत ‘क्लेव्हर’च्या जागीं ‘कनिंग’ घातलें, तर त्या मुलाची हातांत आलेली नोकरी जाईल, आणि ती कां गेली हें दोघांसही कदाचित् कधीं कळणार नाहीं.

यावर उपाय साधा आहे. कोशांतला शब्द उचलण्यापूर्वीं तो चांगल्या लेखकांच्या दोनचार वाक्यांत कसा वावरतो तें पाहावें. आणि तरीही संशय राहिल्यास ओळखीचा शब्द घ्यावा. भारदस्त शब्दानें विद्वत्ता दिसेलच असें नाहीं. नेमक्या शब्दानें मात्र आपल्या मनांतलें तें दुसऱ्यापर्यंत पोंचतें.