वॉर्निंग दाबलीत, पण कारण लिहिलंत का?

वाहनांमधल्या सी भाषेतल्या कोडसाठीच्या ‘मिस्रा’ नियमावलीची २०२५ची आवृत्ती आली. हिंजवडी ते तळवडे गाड्यांचा कोड लिहिणाऱ्या पुण्याला तिचं महत्त्व वेगळं सांगायला नको. पण नियम कितीही कडक करा, कंपायलरला किंवा तपासणी साधनाला एका ओळीत गप्प करता येतं. वॉर्निंग दाबणं चूक नाही, कधीकधी ते आवश्यकच असतं. मिस्राही अपवादाला परवानगी देते, मात्र त्याचं समर्थन नोंदवायला लावते. बिनकारणाची दाबादाबी हा खरा धोका आहे आणि ती पकडण्याचं काम कोडची शैली तपासणाऱ्या साधनाला दिलं पाहिजे.

डेबियन या लिनक्स वितरणाचं प्रकरण पाहा. त्यातल्या ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या लायब्ररीत सुरुवातीची किंमत न दिलेली मेमरी वापरली जाते, अशी ‘व्हॅलग्राइंड’ या तपासणी साधनाची तक्रार होती. ती थांबावी म्हणून २००६ मध्ये दोन ठिकाणची अगदी सारखी दिसणारी ओळ काढली गेली. एका ठिकाणी काही बिघडलं नाही. दुसऱ्या ठिकाणी मात्र तीच ओळ यादृच्छिकतेच्या साठ्यात भर घालत होती. परिणामी सांकेतिक किल्ल्या केवळ प्रोसेसच्या क्रमांकावर, म्हणजे जेमतेम ३२,७६८ शक्यतांवर अवलंबून राहिल्या. हे उघड झालं मे २००८ मध्ये. हा बेफिकीरपणा नव्हता, बदलाआधी ओपनएसएसएलच्या मंडळींना विचारलंही होतं. चूक झाली ती दोन तक्रारींना एकच उत्तर दिल्यामुळे.

यावर प्रोग्रामर म्हणतील, हजारो वॉर्निंगांतल्या बहुतेक खोट्या निघतात, प्रत्येकीला कारण कधी लिहायचं? तक्रार रास्त आहे आणि तिच्यावरचं महत्त्वाचं संशोधन पुण्यातच, टाटांच्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्रात झालं आहे. २०१३ मध्ये तिथल्या संशोधकांनी वॉर्निंगांचे असे गट पाडायची पद्धत मांडली की गटातली म्होरकी वॉर्निंग खोटी ठरली, तर बाकीच्याही खोट्या ठराव्यात. हे गट ओळी सारख्या दिसतात म्हणून पडत नाहीत, प्रोग्रामच्या विश्लेषणातून पडतात. डेबियनमध्ये नेमका हाच फरक सुटला होता. गट पडले की लिहायची कारणंही मोजकीच उरतात.

राहिला प्रश्न लिहिलेलं कारण जुनं होण्याचा. रस्ट भाषेच्या १.८१ आवृत्तीत, सप्टेंबर २०२४ मध्ये, ‘एक्स्पेक्ट’ आलं: दाबलेली वॉर्निंग पुढे उद्भवलीच नाही, तर कंपायलर तसं सांगतो, आणि शेजारी कारणही लिहिता येतं. जावात ‘चेकस्टाइल’ हे शैली तपासणारं साधन ठरावीक वॉर्निंगा दाबायलाच मनाई करू शकतं. चेकस्टाइललाही गप्प करता येईल हे खरं, म्हणून त्याची सेटिंग बदलायला दुसऱ्या माणसाची मंजुरी सक्तीची करावी. पुण्यातल्या टीम लीडनी पुढच्या रिलीजपूर्वी एवढं करावं: कारण नसलेली दाबलेली वॉर्निंग दिसली, की बिल्ड थांबवावा.