घटसर्पाचे विष कुणाचे?

“डॉक्टर, लहानपणी सगळे डोस दिलेत. आता पाचवीतल्या पोरीला शाळेत पुन्हा इंजेक्शन कशाला?” दवाखान्यात हा प्रश्न नेहमी येतो. उत्तरासाठी थोडे जंतुशास्त्र सांगावे लागते.

घटसर्पाचा जंतू मुळात विषारी नसतो. जंतूंनाही विषाणूंची लागण होते. अशा विषाणूला बॅक्टेरिओफेज, म्हणजे जंतुभक्षक म्हणतात. पुष्कळ फेज जंतूच्या आत शिरून स्वतःच्या शेकडो प्रती काढतात आणि जंतूला फोडून बाहेर पडतात. घटसर्पाचा फेज मात्र पोटभाडेकरूसारखा मुक्काम ठोकतो. आपला डीएनए तो जंतूच्या डीएनएत गुंफतो. एका जंतूचे दोन झाले की दोघांतही तो असतोच. आणि विषाचे जनुक या भाडेकरूनेच आणलेले असते! १९५१ मध्ये अमेरिकेत फ्रीमन यांनी विष न बनवणाऱ्या जंतूंना फेजची लागण केली, तेव्हा त्यांतून विष बनवणारे जंतू निपजले.

हे विष पेशींमधील प्रथिननिर्मिती बंद पाडते. घशात राखाडी पडदा धरतो, हृदयालाही इजा होते. प्रतिजैविकांनी जंतू मरतात, पण अंगात पसरलेले विष जात नाही. त्याला प्रतिविष लागते, तेही वेळेत.

लस बनते ती याच विषाला निर्विष करून. तिचा प्रभाव वर्षांगणिक ओसरतो. म्हणून दीड आणि पाच वर्षांच्या बूस्टरनंतर १० व्या आणि १६ व्या वर्षी टीडीचे इंजेक्शन असते. पोरीला त्या दिवशी शाळेत जरूर पाठवा.