पेटीविना ईपीएबीएक्स

कार्यालयातले फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाइनींना जोडून देणाऱ्या यंत्रणेला ईपीएबीएक्स म्हणतात. पूर्वी ती भिंतीवर टांगलेली पेटी असे. प्रत्येक एक्सटेन्शनची तार त्या पेटीत येई, फोन वाढले की नवे कार्ड घ्यावे लागे आणि कार्ड उडाले की त्यावरचे सगळे फोन एकदम मुके होत. आता हेच काम सॉफ्टवेअर करते. त्यातले सर्वांत परिचित नाव म्हणजे ‘अ‍ॅस्टरिस्क’. अमेरिकेत मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये ते लिहायला घेतले, कारण स्वतःच्या छोट्या कंपनीसाठी तयार यंत्रणा विकत घेणे त्यांना परवडत नव्हते. पुढे ते सर्वांसाठी खुले झाले. फोन आणि सर्व्हर ज्या ठरलेल्या पद्धतीने एकमेकांशी बोलतात ती ‘सिप’. तिचे आजचे मूळ प्रमाण २००२ चे आहे.

सॉफ्टवेअर म्हटले की त्याला स्वतंत्र संगणक हवाच असे नाही. एका दणकट सर्व्हरवर हायपरव्हायजर नावाचा थर बसवला की त्याचे अनेक आभासी संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, करता येतात. व्हीएमवेअरची उत्पादने यासाठी प्रसिद्ध आहेत. लिनक्सच्या गाभ्यातच २००७ पासून केव्हीएम ही सोय आहे. हिशेब, हजेरी, फाइली यांचे सर्व्हर अनेक कार्यालयांत आधीपासून असेच चालतात. त्यांच्याच शेजारी फोनलाही एक खोली द्यायची, एवढीच ही कल्पना.

भार पाहिला तर तो किरकोळ आहे. जी.७११ या नेहमीच्या पद्धतीत आवाजाचे सेकंदाला ६४ किलोबिट होतात. हा आवाज नेटवर्कवरून छोट्या पाकिटांत जातो; त्या पाकिटांवरचे पत्ते वगैरे धरून एका कॉलला प्रत्येक दिशेने साधारण ८७ किलोबिट लागतात. तीस जण एकाच वेळी बोलत असले तरी तीन मेगाबिट पुरतात. दोन्ही बाजूंची आवाजाची पद्धत सारखी असेल आणि रेकॉर्डिंग नको असेल, तर सर्व्हर कॉल जुळवून बाजूलाही होऊ शकतो. आवाज एका फोनवरून थेट दुसऱ्यावर जातो. पद्धत बदलून द्यायची असेल तर मात्र प्रोसेसरला खरे कष्ट पडतात.

अडचण कामाच्या ओझ्याची नसून वेळेची आहे. आवाजाचे दर २० मिलिसेकंदांना एक पाकीट निघते: १६० बाइटांचे, सेकंदाला पन्नास. हिशेबाच्या सर्व्हरचे उत्तर अर्ध्या सेकंदाने उशिरा आले तर कोणाच्या लक्षातही येत नाही. आवाजाचे पाकीट तेवढे उशिरा आले तर ते फेकूनच द्यावे लागते, कारण तो शब्द बोलण्याची वेळ टळलेली असते. एका बाजूच्या तोंडापासून दुसऱ्या बाजूच्या कानापर्यंत १५० मिलिसेकंदांच्या आत आवाज पोहोचावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. व्हर्च्युअल मशीनला प्रोसेसर मात्र पाळीपाळीने मिळतो. एका सर्व्हरवर गरजेपेक्षा जास्त मशीन कोंबली की फोनच्या मशीनची पाळी लांबते आणि ‘हॅलो, आवाज तुटतोय’ सुरू होते. गंमत म्हणजे तेव्हाही फोनच्या मशीनमधला प्रोसेसरचा आकडा निवांतच दिसतो. पाहायचा असतो तो पाळीची वाट पाहण्यात गेलेला वेळ, आणि तो हायपरव्हायजरच्या बाजूने नीट दिसतो. म्हणून फोनच्या मशीनला प्रोसेसर आणि मेमरी राखून ठेवणे हाच यातला मुख्य उपाय. यात काटकसर करण्यात शहाणपणा नाही.

स्नॅपशॉटचेही तसेच. चालू मशीनची प्रत घेण्याची ही सोय अपग्रेडच्या आधी फार कामाची आहे; बिघडले तर पूर्वस्थितीला येता येते. पण ती घेताना मशीन थबकते, आणि मेमरीसकट घेतली तर जास्तच. भर दुपारी कॉल चालू असताना हा उद्योग करू नये. रेकॉर्डिंग ठेवायचे असेल तर डिस्कचाही विचार हवा: साध्या वेव्ह फाइलला मिनिटाला जवळपास एक एमबी लागतो.

बाहेरच्या लाइनींचा प्रश्न वेगळा. तीस कॉल एकदम वाहणारी पीआरआय लाइन कार्डात खोचावी लागते, आणि खरे कार्ड आभासी मशीनच्या ताब्यात देणे कटकटीचे असते. त्यापेक्षा गेटवे नावाची छोटी पेटी बाहेर ठेवून लाइन तिच्यात घ्यावी, किंवा दूरसंचार कंपनीकडून थेट सिप ट्रंक, म्हणजे सिपवरून येणारी बाहेरची लाइन, घ्यावी. फोनचे मशीन इंटरनेटला जोडल्यावर एक्सटेन्शनचा पासवर्ड ‘१२३४’ ठेवणे महागात पडते. चोरटे अशी एक्सटेन्शने शोधून रातोरात परदेशी कॉल करतात आणि बिल कार्यालयाच्या नावावर येते.

सर्व्हरच बंद पडला तर हायपरव्हायजर फोनचे मशीन दुसऱ्या सर्व्हरवर आपोआप सुरू करू शकतो. मात्र चालू असलेले कॉल तुटतातच, आणि मशीन उठून फोन पुन्हा नोंदले जाईपर्यंत काही मिनिटे जातात. एवढीही वाट परवडत नसेल तर दुसरे फोन-मशीन तयार ठेवावे. ते पहिल्याच सर्व्हरवर ठेवले, तर दोन्ही एकदम बसतात. ही चूक कागदावर हास्यास्पद वाटते, पण मशीन आपोआप इकडून तिकडे हलवली जात असतील तर ती नकळत घडते. दोन्ही वेगळी ठेवण्याचा नियम हायपरव्हायजरमध्ये लिहून ठेवावा लागतो.

राहिली वीज. जुन्या फोनला त्याच तारेतून पेटीकडून वीज मिळे. आयपी फोनला ती नेटवर्क स्विचकडून येते. त्यामुळे यूपीएसवर सर्व्हरबरोबर गेटवे आणि प्रत्येक मजल्यावरचे स्विचही असावे लागतात.