कडू भोपळ्याचा मान

पनवेलच्या बाजारात रानभाज्या घेऊन बसलेली ठाकर बाई भोपळ्याच्या तुंब्यातून पाणी पीत होती. आजूबाजूला सगळ्यांकडे प्लास्टिकच्या बाटल्या. "सासऱ्यानं केलाय," ती म्हणाली. थंडी पडल्यावर कर्नाळ्याच्या पायथ्याशी त्यांच्या वाडीवर गेलो.

अंगणात पाऊल टाकताच वासानं नाक धरावं लागलं. पिंपात भोपळे कुजत होते. "पंधरा दिस," तिचे सासरे, बाबा, म्हणाले. वेलावरच वाळलेल्या भोपळ्याला तोंडाशी भोक पाडायचं, पाणी भरायचं, बुडवून ठेवायचा. पंधरा दिवसांत आतला गर सुटतो.

बाबांनी एक भोपळा उपडा केला. तपकिरी लगदा आणि बिया भदाभद बाहेर आल्या. मग आत मूठभर बारीक खडे टाकून ते तो कानाशी धरून हलवू लागले. गर चिकटून असेतो आवाज बद्द येतो. साल मोकळी झाली की खडे टणटणतात. तो आवाज येईपर्यंत हात थांबला नाही. शेवटी आतलं पाणी जिभेला लावून ते थुंकले. "अजून कडू हाये." पुन्हा पाणी, पुन्हा खडे.

तुंब्यासाठी भोपळा कडूच लागतो. गोडाची साल तेवढी टिकत नाही.

हा भोपळा मूळचा आफ्रिकेतला. त्याच आफ्रिकेत पिण्याच्या भांड्यालाही मान होता. काँगोतल्या कुबा राज्यात मानकरी माणसं ताडी प्यायला लाकडी पेले कोरून घेत. कुणाचा माणसाच्या डोक्याच्या आकाराचा, कुणाचा नक्षीनं भरलेला. पेल्यावरून माणसाची पायरी कळे. हंगेरियन संशोधक एमिल तोर्दाय 1908 साली कुबांच्या राजधानीत पोचला. त्यानं जमवलेल्या कुबा वस्तू आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. तिथल्या पेल्यांतून आता कुणी पीत नाही.

आपल्याकडे भोपळ्याला मान मिळाला तो मिरजेत. पंढरपूरकडे पिकणाऱ्या भोपळ्याचा तिथे तंबोरा होतो. 2024 मध्ये त्या तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तो मान रास्तच, कारण तंबोरा वाजतो. शहरातल्या प्रदर्शनांत मात्र तुंब्यावर वारली चित्रं रंगवून, भोकं पाडून आत दिवा बसवतात. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "भोकं पाडल्यावर पानी कुठं ऱ्हाणार?"

पंधरा दिवस वास सोसून केलेलं हे भांडं पाण्यासाठी आहे. कुणाकडून तुंबा घेतलात तर भिंतीला टांगू नका. कडवटपणा पुरता गेलाय ना, एवढं विचारून घ्या आणि त्यातून पाणी प्या.