वऱ्हाडचा र, वर्ध्याचा रफार

संगणकाच्या लेखी ‘रोहणा’ हे नाव म्हणजे पाच चिन्हे: र, ओकाराची मात्रा, ह, ण आणि काना. वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातले हे गाव लिहायला सोपे आहे. त्यात जोडाक्षर नाही, वेलांटी नाही, रफार नाही. तालुक्याच्या नावापाशी मात्र अडचण सुरू होते. ‘आर्वी’तला र उच्चारात व च्या आधी येतो, साठवणीतही आधीच असतो, पण लिहिताना तो ‘वी’च्या डोक्यावर, वेलांटीच्याही पुढे सरकून बसतो. ‘वर्धा’ लिहितानाही तीच गत. आणि वर्धा नदी ओलांडली की लागणाऱ्या वऱ्हाडातला र रफारही नाही आणि पायाशी जोडलेला रकारही नाही. तो ह च्या आधी आडव्या छोट्या रेघेसारखा उभा राहतो. हिंदीत या खुणेची गरज पडत नाही, मराठीचे तिच्यावाचून चालत नाही.

ही नावे पडद्यावर नीट उमटावीत, एका यंत्रावरून दुसऱ्यावर गेली तरी वाचता यावीत आणि शोधली की सापडावीत, यासाठी गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत थोड्या माणसांनी फार मोठे काम केले. त्यांतले काही सरकारी संस्थांमध्ये नोकरीला होते. पण बरेचसे हौशी होते: दिवसा नोकरी करून रात्री फॉन्टची दुरुस्ती करणारे, परदेशात बसून टंकनाची आज्ञावली लिहिणारे, अभियांत्रिकी शिकताना संगणकाच्या सूचना मराठीत आणणारे.

त्यांच्या आधीच्या पिढ्यांनी उलटी वाट धरली होती. यंत्र बदलत नाही, तेव्हा लिपी बदलावी, असा विचार छापखान्यापासून सुरू झाला. लोकमान्य टिळकांनी केसरीसाठी देवनागरीच्या खिळ्यांची संख्या कमी करण्याचा प्रयत्न केला. पुढे काका कालेलकर लिपिसुधारणेसाठी आग्रही राहिले. १९३६ मध्ये राष्ट्रभाषा प्रचार समिती वर्ध्यात स्थापन झाली आणि या विचाराला जिल्ह्यातच मोठे ठाणे मिळाले. इ, ई, उ, ऊ ही स्वतंत्र अक्षरे वगळून अि, अी, अु, अू अशी अ ची बाराखडी वापरायची, म्हणजे खिळे वाचतील आणि कळाही वाचतील, ही त्यातली मुख्य सूचना. सावरकरांनीही तिचा पुरस्कार केला. पवनारच्या आश्रमातून विनोबांनी सुधारलेल्या ‘लोकनागरी’चा आग्रह धरला. या मंडळींचा हेतू प्रामाणिक होता आणि अडचणही खरी होती. टंकलेखन यंत्राला पंचेचाळीसच्या आसपास कळा, प्रत्येकीवर दोन खुणा. एवढ्यात बाराखडी, जोडाक्षरे, अंक आणि विरामचिन्हे बसवायची होती. म्हणून टंकयंत्रावर अर्धी अक्षरे आणि वेगळा उभा दंड आला. ‘रोहणा’तला ण उमटवायचा तर आधी अर्धा ण, मग दंड. ही सवय हातात इतकी मुरली की संगणक आल्यावरही रेमिंग्टनची मांडणी सरकारी कचेऱ्यांतून आणि टंकलेखन वर्गांतून हलली नाही.

वाट बदलली ती आयआयटी कानपूरमध्ये. तिथे १९८० च्या दशकाच्या आरंभी आर. एम. के. सिन्हा यांच्या मार्गदर्शनाखाली भारतीय लिप्यांचे काम सुरू होते आणि मोहन तांबे त्या कामात होते. अक्षराचा आकार साठवायचा नाही, उच्चाराचा क्रम साठवायचा. आकार ठरवण्याचे काम यंत्राचे, ही त्यामागची कल्पना. लिहिणाऱ्याने व, र, हलन्त, ध, काना असे ओळीने द्यावे आणि रफार कुठे चढवायचा ते यंत्राने पाहावे. आज हे साहजिक वाटते. पण टाइपाच्या पेटीतून आणि टंकयंत्रातून आलेल्या विचाराला हा सरळ छेद होता. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक ही सरकारी संगणन संस्था स्थापन झाल्यावर हे काम ‘जिस्ट’ या नावाने तिथे आले. डॉसच्या काळात संगणकात जिस्टचे कार्ड बसवले की काळ्या पडद्यावर मराठी उमटत असे. इन्स्क्रिप्ट कळमांडणी, तसेच १९८८ मध्ये आलेली आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ठरलेली इस्की ही संकेतप्रणाली याच विचारातून घडली.

मात्र कार्ड आणि आज्ञावली विकत घेणे सगळ्यांना परवडत नव्हते. विंडोजचा प्रसार झाला तसा छपाईच्या धंद्याने सोपा मार्ग धरला. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले फॉन्ट आले. श्रीलिपी, आकृती आणि विनामूल्य फिरणारा शिवाजी फॉन्ट ही नावे त्या काळच्या प्रत्येक अक्षरजुळणी करणाऱ्याला पाठ होती. संगणकाला मराठी कळतच नव्हती. त्याच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची विचित्र रांग होती आणि फॉन्टने तिच्यावर मराठी चेहरे चढवलेले होते. फॉन्ट काढून घेतला की मजकुराचा चिवडा. तरीही या फॉन्टांना नावे ठेवून चालणार नाही. पंधरा-वीस वर्षे मराठी वर्तमानपत्रे, लग्नपत्रिका आणि दिवाळी अंक त्यांच्याच बळावर निघाले.

त्याच सुमारास परदेशातल्या विद्यापीठांमध्ये आणि कंपन्यांमध्ये बसलेले हौशी लोक वेगळ्या बाजूने प्रश्नाला भिडले. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या फ्रान्स वेल्थुइस यांनी १९९१ मध्ये टेक् या अक्षरजुळणी प्रणालीसाठी देवनागरीची सोय केली. अमेरिकेतले अविनाश चोपडे यांनी आयट्रान्स लिहिले. रोमन लिपीत ठरलेल्या पद्धतीने टाइप करायचे आणि देवनागरीत छापून घ्यायचे, अशी ती योजना होती. तिचा मोठा लाभ असा की आकार कुठलाही असो, मूळ मजकूर उच्चाराच्या रूपात शाबूत राहत असे. १९९६ च्या गणेश चतुर्थीला अजय गल्लेवाले यांनी अमेरिकेतून ‘मायबोली’ हे संकेतस्थळ सुरू केले, तेव्हा मराठी माणसे एकमेकांना मराठी बहुधा रोमन अक्षरांतच लिहीत होती. पुढे ओंकार जोशी यांच्या ‘गमभन’ने ब्राउझरमध्येच रोमन कळांवरून देवनागरी लिहिण्याची सोय मराठी संकेतस्थळांना करून दिली आणि फॉन्ट कुठला, हा प्रश्न लिहिणाऱ्याच्या डोक्यावरून उतरला.

तो उतरू शकला, कारण तोवर जगातल्या लिप्यांसाठीची युनिकोड ही सामाईक संकेतप्रणाली आली होती. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला १२८ जागा मिळाल्या आणि अक्षरांचा क्रम इस्कीवरून घेतला गेला. कानपूर-पुण्यातला विचार असा जगभर गेला. पण संकेत ठरले म्हणजे अक्षर दिसते असे नाही; त्यासाठी आकार लागतात आणि ते कुठे, कसे जोडायचे याचे नियम लागतात. इथे र. कृ. जोशी यांचे नाव घ्यावेच लागते. जाहिरात क्षेत्रातून आलेले, आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवणारे आणि पुढे मुंबईच्या एनसीएसटी या सरकारी सॉफ्टवेअर संस्थेत काम करणारे जोशी हे हाडाचे सुलेखनकार. विंडोज २००० सोबत आलेला ‘मंगल’ हा युनिकोड फॉन्ट त्यांनी घडवला. असंख्य मराठी माणसांनी पडद्यावर वाचलेले पहिले युनिकोड अक्षर त्यांच्या हातचे होते. २००८ मध्ये ते गेले. महाराष्ट्रात त्यांचे नाव सुलेखनाच्या वर्तुळाबाहेर फारसे पोचले नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

मंगल विंडोजपुरता होता. लिनक्ससारख्या मुक्त प्रणालीवर मराठी आणायची तर फॉन्टही मुक्त हवा होता, म्हणजे कुणालाही उघडून दुरुस्त करता येईल असा. मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवणारे जितेंद्र शहा आणि त्यांच्या इंडिकट्रान्स गटाने ‘गार्गी’ हा फॉन्ट मुक्त परवान्याखाली दिला. वेंकटेश हरिहरन, प्रकाश अडवाणी आणि जी. करुणाकर यांच्या इंडलिनक्स प्रकल्पाने भारतीय भाषांतून लिनक्स आणण्यासाठी स्वयंसेवक जमवले. मराठी संगणक म्हणजे फक्त फॉन्ट नव्हे, हे त्या कामात स्पष्ट झाले. वारांची आणि महिन्यांची नावे, तारखेचा क्रम, अकारविल्हे, हजारो सूचना आणि त्रुटिसंदेश, हे सगळे कुणीतरी एकेक करून भरावे लागते. २००४ मध्ये रेड हॅट या लिनक्स कंपनीने ‘लोहित’ फॉन्टमालिका मुक्त केली. पुण्यातल्या रेड हॅटमधले प्रवीण सातपुते पुढे तिची देखभाल अनेक वर्षे करीत राहिले.

लोहितच्या इतिहासात मराठीपुरता एक जिव्हाळ्याचा विषय आहे: ल आणि श. मराठी ल पाकळ्यांचा आणि मराठी श देठाचा. हिंदीतले आकार निराळे. शासनाच्या २००९ च्या वर्णमालाविषयक निर्णयानेही पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श मराठीसाठी प्रमाण मानले. युनिकोडमध्ये मात्र दोन्ही भाषांना एकच ल, एकच श. आधी लोहित मराठी आणि लोहित हिंदी असे निराळे फॉन्ट होते. नंतर ते एकत्र करून लोहित देवनागरी झाला, आणि मजकूर मराठी आहे असे कळले की आकार आपोआप बदलावा असा नियम फॉन्टमध्येच घालण्यात आला. सारंग कुलकर्णी, गिरीश दळवी आणि नूपुर दाते यांच्या ‘एक टाइप’ या मुंबईच्या गटाने पुढे मुक्ता, बालू, मोदक असे खुल्या परवान्याचे देखणे फॉन्ट दिले आणि मुक्त म्हणजे ओबडधोबड हा समज खोडला.

आता वऱ्हाडकडे. युनिकोडमध्ये हा र लिहिण्याच्या दोन रीती मान्य आहेत. एक, नुक्त्याचा म्हणजे खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त. दुसरी, साधा र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारा एक जोडकारक. पडद्यावर दोन्ही शब्द अगदी सारखे दिसतात; संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात. त्यामुळे एका रीतीने लिहिलेले ‘वऱ्हाड’ दुसऱ्या रीतीने शोधले तर सापडेलच अशी खात्री नसते. दऱ्या, तऱ्हा, पुऱ्या, सगळ्यांचे असेच. ‘ॲ’चा घोळही याच जातीचा. युनिकोडच्या २००८ मधल्या ५.१ या आवृत्तीत या अक्षराला स्वतंत्र जागा मिळाली. त्याआधी लोक अ वर चंद्र चढवून काम भागवत होते आणि पुष्कळ जण आजही तसेच लिहितात. शोधयंत्रांनी आणि शब्दकोशांनी दोन्ही रूपे एक मानावीत, यासाठी प्रत्येक ठिकाणी वेगळा नियम लिहावा लागतो. तो लिहिणारा मराठी जाणणाराच हवा, कारण दुसऱ्या कुणाला ही अडचण दिसतच नाही.

शुद्धलेखन तपासणीत ही गरज आणखी वाढते. इंग्रजीसाठी शब्दांची यादी दिली की बरेचसे काम होते. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच चिकटतात आणि चिकटण्याआधी शब्द बदलतो. आर्वी, आर्वीला, आर्वीत हे सोपे. पण वर्धा, वर्ध्याला, वर्ध्यात. रोहणा, रोहण्याला, रोहण्याहून, रोहण्यातल्यांनाही. यादीत ‘रोहणा’ असून भागत नाही. आकारान्त पुल्लिंगी नामाचे सामान्यरूप कसे होते, तेही सांगावे लागते. मुक्त तपासकांमध्ये हे नियम प्रत्ययांच्या तक्त्याने लिहितात. तक्ता सैल पडला तर चुकीचे शब्द खपून जातात, घट्ट झाला तर बरोबर शब्दांखाली लाल रेघ येते. गावांच्या आणि माणसांच्या नावांना तिचा त्रास सर्वांत जास्त होतो.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तिथे लिहिणाऱ्यांनी या साधनांची खरी कसोटी घेतली. जिल्हे, तालुके, नद्या आणि गावे यांवर नोंदी करताना फॉन्टमधले आणि टंकनातले दोष त्यांच्याच नजरेला आले आणि दुरुस्त्यांची मागणीही तिथून झाली.

या सगळ्या कामाची दुखरी बाजू म्हणजे देखभाल. विंडोजची आवृत्ती बदलते, ब्राउझर बदलतो, फोन येतो, आणि काल नीट चाललेली गोष्ट आज चालत नाही. संस्थेला माणूस नेमता येतो. हौशी माणसाची नोकरी बदलते, संसार वाढतो आणि प्रकल्प तसाच पडून राहतो. मुक्त परवान्याचे मोल इथे कळते. गार्गी किंवा लोहित सोडून कुणी गेले तरी दुसऱ्याला ते उचलता येतात. बंद आज्ञावलीची कंपनी बुडाली तर तिच्यासोबत तिचे संकेतही जातात.

सर्वांत मोठे काम अजून बाकी आहे. १९९० पासूनचे छापील मराठी जग, विशेषतः जिल्ह्याजिल्ह्यांतली साप्ताहिके, स्मरणिका आणि दिवाळी अंक, जुन्या फॉन्टांच्या फाइलींत अडकले आहे. ते युनिकोडमध्ये आणणारे परिवर्तक हौशी लोकांनी लिहिले आहेत. प्रत्येक फॉन्टची जागावाटणी निराळी, म्हणून प्रत्येकाला वेगळा तक्ता लागतो. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, ती व्यंजनानंतर न्यावी लागते. रफार अक्षरानंतर साठवलेला असतो, तो उचलून अक्षराच्या आधी आणावा लागतो, आणि अक्षरावर काना किंवा मात्रा असली तर तिलाही ओलांडून. वर्धा आणि आर्वी त्यातून बहुतेक वेळा सुखरूप येतात. वऱ्हाडातली रेघ मात्र काही तक्त्यांमध्ये नसतेच. तिथे मजकूर छापील अंकाशी ताडून पाहणारा मुद्रितशोधक लागतो, आणि तो र दोन रीतींपैकी कुठल्या रीतीने लिहायचा, हे त्यालाच ठरवावे लागते.