पाव मिलिमीटर

“काका, खालचा जबडा पुढे काढा. अजून थोडा. खालचे दात वरच्यांच्या पुढे आले पाहिजेत.”

मामा जबडा पुढे काढायचा, मग त्याला स्वतःचंच हसू यायचं आणि हसला की जबडा पुन्हा मागे. मॅडमच्या हातात प्लास्टिकची एक चपटी पट्टी होती. तिच्या टोकाला वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांसाठी खाचा, मधे मिलिमीटरच्या रेघा. जबडा पूर्ण मागे असताना कुठली रेघ आणि पूर्ण पुढे ताणल्यावर कुठली, एवढंच त्यांना वाचायचं होतं. पण हे माप हसऱ्या माणसाचं घेता येत नाही. शेवटी मामी बाहेर जाऊन बसली, तेव्हा मामा गंभीर झाला. पल्ला दहा मिलिमीटरचा भरला. “म्हणजे आपण पाचावर सुरुवात करू,” मॅडम म्हणाल्या आणि कागदावर आकडा लिहून त्याला गोल केला.

अर्धापुरातला हा दातांचा दवाखाना. नांदेड-नागपूर महामार्गावरून केळीचे ट्रक जातात त्यांचा आवाज आतपर्यंत येतो. मामाचीही केळीच आहे. इसापूरच्या कालव्यानं या शिवाराला पाणी दिलं आणि अर्धापूरची केळी बाजारात नावानं विकली जाऊ लागली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. या पाण्यासाठी किती झोप जाते, ते मात्र केळी खाणाऱ्याला कळत नाही. शेतीच्या विजेची पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची. रात्रीच्या पाळीत मामा आखाड्यावरच झोपतो, मधे उठून मोटार बघतो. म्हणून तो दिवसा पारावर, लग्नाच्या मांडवात, एकदा तर मोटारसायकल उभी करून तिच्यावरच पेंगला, तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. रात्री पाणी धरणारा माणूस दिवसा पेंगणारच. मराठवाड्यात झोपेत श्वास अडण्याचा आजार दडून राहायला याहून चांगली जागा नाही.

संशय मामीला आला. “घोरण्याचं काही नाही हो, घोरणं तर यांच्या वडलांपासून हाय. मधीच आवाज बंद पडतोय, त्याचं भ्या वाटतंय,” असं तिनं रक्तदाबाच्या गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी मामाच्या गळ्याभोवती टेप धरला आणि नांदेडला झोपेची चाचणी करायला पाठवलं.

चाचणी आता घरीही होते. छातीला पट्टा, बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा, नाकाशी बारीक नळी, आणि रोजच्यासारखं झोपायचं. श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त अडला किंवा खूप उथळ झाला, की एक घटना मोजतात. तासाला पाचच्या आत असेल तर ठीक. पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, त्यापुढे तीव्र. मामाचा आकडा आला बावीस. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. झरीर उदवाडियांनी २००४ साली आपली पाहणी प्रसिद्ध केली होती. तीत ३५ ते ६५ वयाच्या शहरी पुरुषांपैकी साधारण साडेसात टक्क्यांना हा श्वास अडण्याचा विकार आणि त्यासोबत दिवसाची झोप, दोन्ही होतं. ते सगळे नेहमीच्या तपासणीला आलेले, स्वतःला धडधाकट समजणारे लोक होते. मामाही तसाच समजत होता.

घशात नेमकं काय होतं, ते त्यालाच सगळ्यात लवकर कळलं. घशाच्या मागच्या भागाला हाडाचा आधार नाही, झोपेत तिथले स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि वाट मिटते, असं डॉक्टर सांगत होते. मामा म्हणाला, “म्हणजे लपेटा पाइप. मोटार बंद झाली की चपटा.” डॉक्टरांना हे इतकं आवडलं की त्यांनी पुढचंही त्याच भाषेत सांगितलं: मग एक उपाय म्हणजे मोटार चालूच ठेवायची. नाकावर मास्क लावून हवेचा सतत दाब देणारं मशीन सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली दाखवलं. तीव्र आजारात आजही पहिला मान त्याचाच. मामानं ते वापरून बघितलं. घरी जमलं. आखाड्यावर मात्र पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि मास्क लावून मोटार बघायला उठायचं म्हणजे दर वेळी सगळं सोडा आणि पुन्हा बांधा. मशीन पिशवीतच राहायला लागलं. मशीनची ताकद जास्त, हे दातांच्या डॉक्टरही मान्य करतात. पण पिशवीतल्या मशीनची ताकद शून्य, असंही त्या म्हणतात, आणि मला ते पटतं.

दुसरा उपाय तत्त्वानं जुना आहे. जिभेचा मोठा स्नायू हनुवटीच्या मागे खालच्या जबड्याला चिकटलेला असतो. जबडा पुढे ओढला की जीभही पुढे येते. भूल दिलेल्या माणसाचा श्वास अडकला की भूलतज्ज्ञ दोन्ही हातांनी त्याचा जबडा पुढे उचलतात, तेच हे. पिएर रोबँ या फ्रेंच डॉक्टरनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत लहान जबड्याच्या मुलांसाठी याच हेतूनं तोंडात बसवायचं साधन केलं होतं. मोठ्यांच्या घोरण्यासाठी ते वापरात यायला बराच काळ गेला.

मामासाठी असंच साधन करायचं ठरलं. मग दातांची मापं. आल्जिनेटची पावडर रबराच्या वाटीत पाण्यानं कालवतात. ती समुद्री शेवाळापासून काढलेल्या पदार्थाची असते. पाणी कोमट असेल तर ती लगेच घट्ट होते, म्हणून अर्धापूरच्या मे महिन्यात मॅडम फ्रिजमधलं पाणी घेतात, नाहीतर ट्रे तोंडात जायच्या आधीच काम संपलेलं असतं. भरलेला ट्रे वरच्या दातांवर दाबला आणि मामाला उमासा आला. “नाकानं श्वास घ्या, उजवा पाय उचला, आता डावा.” पाय उचलण्याच्या नादात माणूस घसा विसरतो. ट्रे निघाला तेव्हा त्यात दातांचे ठसे स्वच्छ उमटले होते, तंबाखूनं झिजलेल्या कडांसकट. हा ठसा वाळला की आकसतो. म्हणून तो तसाच नांदेडला पाठवायचा नाही, लगेच तिथंच दगडी प्लॅस्टर ओतायचं. मॅडमनी वाटीला खालून टिचक्या मारत बुडबुडे वर आणले. या टिचक्यांनी किती मिलिमीटर वाचतात कोण जाणे, पण त्या सोडून देणारा दवाखाना मला नको.

त्या दिवशी बाकावर एक पिकअप चालवणारा पोरगा होता, तिशीच्या आतला. त्याचाही श्वास झोपेत अडायचा, गाडी चालवताना डोळा लागायचा. मॅडमनी त्याला तोंड उघडायला सांगितलं आणि तीन बोटं उभी घालून बघितली. नेहमीच्या माणसाच्या तोंडात तीन मावतात. त्याच्या तोंडात जेमतेम दीड. गालाची आतली कातडी पांढुरकी, ताठ. सुपारी आणि गुटख्यानं गाल असा आतून आवळत जातो. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. पोराच्या खिशात पुडी होती. मापाचा ट्रेच आत जात नाही तर साधन कुठून करणार? त्याला मशीनसाठी नांदेडला पाठवलं, गाल मोकळा करण्याचे व्यायाम दिले आणि तोवर रात्री गाडी चालवायची नाही असं चिठ्ठीवर लिहिलं. चिठ्ठी वाचून तो म्हणाला, “मग खाऊ काय?” याला मॅडमकडे उत्तर नव्हतं.

नांदेडच्या लॅबमध्ये मी मामाचे दात प्लॅस्टरमध्ये पाहिले. कारागिरानं दोन्ही साचे लोखंडी बिजागरीच्या जबड्यावर बसवले होते, मधे मॅडमनी पाचच्या रेघेवर घेतलेला चाव्याचा ठसा. त्याचं रोजचं काम कवळीचं. वरचे-खालचे दात एकमेकांवर नीट बसले की तो खूश. इथं खालचे दात मुद्दाम चुकवून पुढे ठेवायचे, आणि तरी जबड्याची मधली रेघ हलू द्यायची नाही. ती केसभर एका बाजूला गेली की सकाळी कानापुढचा सांधा दुखतो. साच्याच्या खोलगट जागा मेण भरून बुजवल्या, नाहीतर साधन दातांत अडकून बसेल. ॲक्रिलिकच्या दोन पट्ट्या झाल्या, एक वरची, एक खालची, आणि दोन्ही गालांकडे एकेक सरकती दांडी. दांडीत स्क्रू. पाव फेरा दिला की जबडा पाव मिलिमीटर पुढे. घासताना उडणाऱ्या गुलाबी भुशाचा वास त्या खोलीत कायमचा मुरला आहे.

साधन तोंडात बसलं. जिथं रुतत होतं तिथं मॅडमनी खरवडलं. स्क्रूची चावी मात्र मामीच्या हातात दिली. “काकांना सकाळी आठवत नाही, तुम्हाला सगळं ऐकू येतं.” दर दोन-तीन रात्रींनी दोन्ही बाजूंना एकेक पाव फेरा, दुखलं तर थांबायचं. पहिल्या रात्री उशी लाळेनं भिजली. सकाळी वरचे-खालचे दात जुळेनात. ते जुळवायला एक छोटी पट्टी चावायला दिली होती, मामा त्याऐवजी कडक भाकरी चावायचा. आठवडाभरानं लाळ आटली. मग एके दिवशी मामीचा फोन आला: घोरणं बंद!

आम्हाला वाटलं, झालं. मॅडमनी साधन तोंडात ठेवूनच पुन्हा चाचणी करायला लावली. आकडा तेरा. आवाज गेला होता, अडणं निम्म्याच्या आसपास उरलं होतं. आवाज थरथरीचा असतो. वाट थोडी रुंद झाली की थरथर थांबते, पण पाठीवर गाढ झोपल्यावर वाट मिटायची तेवढी मिटतेच. एवढी वर्षं आजार पकडून देणारा मामीचा कान इथं पुरा पडत नव्हता. चावी पुन्हा फिरली. पाचावरून निघालेला जबडा सातावर पोचला तेव्हा तिसऱ्या चाचणीत सहा आला. पाठीवर न झोपण्याची सवय अजून लागायची आहे.

मामाच्या शेजाऱ्यानं मधेच मोबाइलवरून मागवलेली, गरम पाण्यात मऊ करून चावायची रबरी पट्टी आणून दाखवली. दोन दाढा हलत असताना त्यानं ती वापरली होती. मॅडमनी त्याच्या हिरड्या बघितल्या, पट्टी काढून घेतली आणि आधी चाचणीचा कागद आणायला सांगितला. श्वास घशात अडतोय की मेंदूच श्वासाचा हुकूम द्यायला चुकतोय, हे कागदाशिवाय कळत नाही, आणि दुसऱ्या प्रकारात जबडा कितीही ओढा, उपयोग नाही.

आता सहा महिन्यांनी एकदा मामा जातो. वर्षानुवर्षं रात्रभर ओढ बसली की वरचे दात किंचित मागे, खालचे किंचित पुढे सरकतात. बहुतेकांना ते जाणवत नाही. मामाला जाणवलं, कारण ऊस दातांनी सोलताना पुढचे दात पूर्वीसारखे साल पकडत नाहीत. मॅडमनी मोजलं, कागदावर लिहिलं आणि सरळ विचारलं, साधन चालू ठेवायचं का मशीनकडे वळायचं.

“ऊस कोयत्यानं सोलता येतोय की,” मामा म्हणाला.